मक्याचा सीड प्लॉट ५२ रुपये किलोनं घ्यावा का?

सिल्लोडचा_मका
राम राम मंडळी. विहिरीला पाणी बरं आहे, रब्बीला तीन एकर रान मोकळं होतंय. एका कंपनीचा ऑर्गनायझर दोनदा घरी येऊन गेला. सीड प्लॉट घ्या म्हणतो, म्हणजे कंपनीच्या बियाण्यासाठी नर-मादीच्या ओळींचा मका लावायचा. पेरायचं बियाणं कंपनीचं, माल ५२ रुपये किलोनं उचलणार. बाजारात मका विशीच्या आत-बाहेर, त्यामुळे ऐकायला गोड वाटतं. पण जूनमध्ये मीच चार किलोची पिशवी १,६०० ला आणतो, म्हणजे ४०० रुपये किलो. मधले साडेतीनशे कोण खातं? कुणी प्लॉट केला असेल तर खरे आकडे टाका.

बांधावरचा
नादी लागू नको भाऊ. आमच्या गावात दोघांचे प्लॉट भेसळ म्हणून फेल काढले. माल शेवटी व्यापाऱ्याला साध्या मक्याच्या भावात.

मन्याडकाठची
दादा, मी चाळीसगाव तालुक्यातली. घरी हिशोबाची वही माझ्याकडे असते, त्यातलंच उतरवते.

पहिल्या वर्षी अडीच एकर केला, दर हाच, ५२. चार ओळी मादीच्या, एक नराची. म्हणजे पाचवा हिस्सा रान बियाणं देतच नाही हे आधी धरा. नर आमचा परागीभवन झाल्यावर कापून गाईंपुढे गेला.

कणसं गेली साडेबावन्न क्विंटल. ट्रॅक्टर भरताना सासरे खूश. पावती आली २८ क्विंटलची! ओली कणसं नेली, कंपनीनं वाळवली, सोलली, चाळली, बारीक दाणा बाजूला काढला, मग जे उरलं त्याला ५२. तो बारीक दाणा कुठे गेला, आजवर कळलं नाही. तर २८ क्विंटलचे झाले १,४५,६००. त्यातून तुरे काढायची मजुरी ६४ रोज, ३०० प्रमाणे १९,२००. शेजाऱ्याला ६,००० दिले, ते का ते पुढे सांगते. उरले १,२०,४००, एकरी ४८,१६०. नाल्यापलीकडे दिराचा साधा मका होता, एकरी २७ क्विंटल, २,०५० नं विकला. करा हिशोब, एकरी ५५,३५०. नांगरट, खत, पाणी दोघांचं सारखंच. आणि त्याचे पैसे आठ दिवसांत, आमचे पाच महिन्यांनी.

मादीच्या ओळीला फक्त नराचाच पराग लागावा म्हणून तिचे तुरे पराग सुटायच्या आधी उपटायचे. हे तुरे काढणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय समजत नाही. अकरा दिवस सलग, पहाटे साडेसहाला रानात. पात ओली असते, हाताला कापते, वरून पिवळी भुकटी मानेवर बसली की दिवसभर खाज. मी नवऱ्याचे जुने पायमोजे कोपरापर्यंत चढवायचे. तुरा पोंग्यातून दिसला की एका झटक्यात वर ओढायचा. सोबत दोन-तीन पानं आली तर कणीस हलकं भरतं, आणि अर्धा तुरा आत मोडून राहिला तर तोच दोन दिवसांनी पराग सोडतो. सुपरवायझर ओळीतून मोजत जायचा. मादीला केस फुटलेत आणि शंभरात एकापेक्षा जास्त तुरे सापडले की त्याचं तोंड वाकडं. रविवार नाही, लग्न नाही, कुणाचं मयत असलं तरी निम्म्या बाया रानात.

आता शेजाऱ्याचे सहा हजार. चारी बाजूंनी २०० मीटरात दुसरा मका नको असतो, त्याचा पराग आला की भेसळ. आपल्याकडे एवढं सलग रान आहे कुणाचं? म्हणून त्याला म्हटलं, मका नको, हरभरा पेर, फरक मी देते. हा खर्च ऑर्गनायझर कधीच सांगत नाही.

तरी दुसऱ्या वर्षी परत केला. फरक एवढाच, पाच घरं मिळून १२ एकराचा सलग तुकडा दिला. आतल्या बांधांचा प्रश्न मिटला, आणि तशी जागा त्यांनाही सहज सापडत नाही, मग भाव आपण बोलायचा. किलोचा दर सोडून एकरी ७२,००० ची हमी कागदावर घेतली. दिराचा मका त्या वर्षी २,१०० नं गेला, त्याच्यापेक्षा आम्ही मजुरी वजा जाता एकरी सात हजार वर राहिलो.

तर ५२ कडे बघू नका. वजन कुठल्या टप्प्यावरचं, भेसळ निघाली तर नुकसान कुणाचं आणि पैसे कुठल्या तारखेला, हे लिहून मागा.

प्लांटवरचा
ताईंनी शेताचं सांगितलं, मी साडेतीनशेचं सांगतो. जालन्याला बियाणे प्लांटवर अकरा वर्षं काढली.

सगळा नफाच असतो असं नाही, नफा नसतो असंही नाही. नर-मादीचे वाण तयार करायला आणि चाचण्यांना वर्षं जातात, तो खर्च याच पिशवीतून निघतो. मग वाळवण, प्रतवारी, लष्करी अळीमुळे आता महागडी बीजप्रक्रिया, दुकानदाराचं कमिशन. खरा मार परत आलेल्या मालाचा. येत्या जूनला काय खपेल याचा अंदाज आदल्या दिवाळीतच बांधावा लागतो, कारण प्लॉट तेव्हाच लागतात. पाऊस लांबला, शेतकरी सोयाबीनकडे वळला, की पिशव्या परत. पुढच्या हंगामात उगवण ९० टक्क्यांच्या खाली गेली तर प्रमाणित संकरित बियाणं म्हणून विकता येत नाही, आणि औषध लावलेला लाल दाणा कोंबड्यांनाही घालता येत नाही. तो खड्ड्यात पुरताना मी पाहिलाय. तो पैसा पुढच्या वर्षीच्या पिशवीवर चढतो.

आंध्रात गोदावरीकाठी मक्याचं एवढं बियाणं होतं, कारण तिथे गावंच्या गावं प्लॉटखाली असतात आणि फुलोऱ्यात पावसाची धास्ती कमी. ताईंच्या १२ एकरांना भाव आला तो असा सलग तुकडा इकडे मिळत नाही म्हणूनच.

सिल्लोडचा_मका
ताई, आज ऑर्गनायझरला हमीचं विचारलं. आधी हसला, मग म्हणाला दहा एकर सलग द्या, साहेबांशी बोलतो. चार जण तयार आहेत. मधला दोन एकराचा तुकडा चुलत्यांचा, आणि त्यांच्याशी बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद आहे.

मन्याडकाठची
दादा, तुम्ही नका जाऊ. आईला पाठवा चुलतीकडे.