डी७५०० साठी निकॉन २००-५०० घेऊ की सिग्मा १५०-६००?

मानेवाडा_पक्षी: नमस्कार मंडळी. माझ्याकडे निकॉन डी७५०० कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. नागपूरजवळच्या पारडगाव तलावावर पट्टकादंब पक्षी इतके लांब बसतात की फोटोत नुसते ठिपके येतात. निकॉनची २००-५०० एफ/५.६ घेऊ की सिग्माची १५०-६०० कन्टेम्पररी? परवडणार सेकंडहँडच. घरचे म्हणतात, कंपनीचीच घे. दोन वर्षांच्या आरडीचे पैसे आहेत, म्हणून विचारते.

जुना_ट्रायपॉड: ताई, नावापेक्षा नग तपासा. माझी पहिली लांब लेन्स दुसऱ्या कंपनीची होती. ६०० वर फोकस बरोबर, १५० वर मात्र पक्ष्याच्या मागच्या गवतावर. अख्खा एक हिवाळा मी माझ्या हाताला दोष देत राहिलो. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस दुरुस्त करता येतो, पण एका लेन्सला एकच आकडा. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतं. सिग्माचा यूएसबी डॉक (लेन्स कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) मिळतो, त्यात चार फोकल लेंग्थ (झूमचे आकडे) आणि चार अंतरं अशी १६ ठिकाणी दुरुस्ती होते. सिग्मा घेतली तर डॉकचे पैसे बाजूला ठेवाच.

उजेडाचं म्हणाल तर निकॉनच्या ५.६ आणि ६०० मिमीला सिग्माच्या ६.३ मध्ये (आकडा मोठा तितका उजेड कमी) एक तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे थोडासाच, फरक. निकॉनवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० लागतो तिथे ६०० मिमीला २००० लागेल. तेवढ्यासाठी अडून बसू नका. वजन मात्र बघा: निकॉन ट्रायपॉडला लावायच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम, सिग्मा १९३० च्या आसपास. तळ्याकाठी दोन तास हातात धरून उभं राहिलं की हा फरक खांद्याला कळतो.

फुटाळा_सकाळ: एक राहिलं. सिग्माची झूम रिंग निकॉनच्या उलट फिरते. पक्षी उडाला की हात सवयीने चुकीकडे जातो. मला महिना लागला. पुढे मिररलेस (आतला आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर निकॉनची लेन्स एफटीझेड या निकॉनच्या अ‍ॅडाप्टरवर ऑटोफोकससकट चालते, माझं मत तिकडेच.

मानेवाडा_पक्षी: भाऊ, तपासायची कशी? विकणारे सीताबर्डीला भेटायचं म्हणतात.

जुना_ट्रायपॉड: तिथे नको, सकाळी अंबाझरी तलावावर बोलवा. ट्रायपॉडवर लावून दूरच्या पाटीचे फोटो काढा: झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येकी दहा, दर वेळी फोकस मुद्दाम हलवून पुन्हा घ्या. घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठे करून बघा. पैसे त्यानंतर.