शब्दचर्चा : विधेयक 'निवड समिती'कडे जातं का?

दौतटाक

एका बातमीचं मराठीकरण तपासते आहे. मूळ मजकूर असा : बिल टेबल झालं आणि जॉइंट सिलेक्ट कमिटीकडे गेलं. मसुद्यात त्याचं 'विधेयक पटलावर ठेवण्यात आले व संयुक्त निवड समितीकडे गेले' असं केलंय. 'निवड समिती' वाचल्यावर क्रिकेटचा संघ जाहीर होणार असं वाटतं. वर्तमानपत्रांत प्रवर समिती, चिकित्सा समिती, छाननी समिती असे सगळेच शब्द दिसतात. ही एकाच गोष्टीची नावं आहेत की वेगवेगळ्या गोष्टी? आणि 'पटलावर ठेवणे' इथे चालेल का?

खंडशः

'निवड समिती' आधी खोडा. ती निवड *करणारी* समिती. इथली समिती निवड*लेली* आहे. सभागृहाने एका विशिष्ट विधेयकापुरते आपल्यातले काही सदस्य निवडले, त्यांनी अहवाल दिला की समिती संपली. 'प्रवर'मध्ये नेमका हाच अर्थ आहे. प्र + वृ, म्हणजे निवडणे. निवडलेला म्हणून श्रेष्ठ. गोत्र-प्रवरातला प्रवर तोच. मात्र 'प्रवर समिती म्हणजे वरिष्ठ समिती' अशी समजूत कुठेकुठे दिसते, ती चुकीची.

'चिकित्सा समिती' हा शब्द रचना न सांगता काम सांगतो. हिंदीभाषक माणूस तो वाचून दवाखाना शोधेल, पण मराठीत 'फार चिकित्सा करू नकोस' असं आपण रोज म्हणतो, त्यामुळे कानाला खटकत नाही. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं 'संयुक्त चिकित्सा समिती' सर्रास लिहितात. माझं मत विचाराल तर वाचकासाठी हाच शब्द सगळ्यांत बोलका. अधिकृत मजकुरात बहुधा नुसतं 'संयुक्त समिती' असतं.

'छाननी' उमेदवारी अर्जांची आणि निविदांची. विधेयकाला ती लावू नका.

चौकटमोडी

'संयुक्त'बद्दल एक जोड. संयुक्त म्हणजे विधानसभा आणि विधानपरिषद, दोन्हींचे सदस्य असलेली. सत्ताधारी आणि विरोधक एकत्र बसतात म्हणून संयुक्त, हा अर्थ नाही. तसे ते प्रत्येक समितीत बसतात. दुसरा गोंधळ 'संयुक्त बैठकी'चा. संसदेत दोन सभागृहांचा पेच सुटला नाही तर संविधानाच्या अनुच्छेद १०८ खाली संयुक्त बैठक घेता येते. राज्यात ती सोयच नाही. तिथे अनुच्छेद १९७ : विधानपरिषद साधं विधेयक पहिल्या वेळी तीन महिने अडवू शकते, विधानसभेने पुन्हा संमत करून पाठवलं तर आणखी एक महिना, त्यापुढे नाही. म्हणून 'संयुक्त समितीत तोडगा न निघाल्यास संयुक्त अधिवेशन' असलं वाक्य राज्याच्या बातमीत आलं की समजावं, लिहिणाऱ्याने दिल्लीचा साचा मुंबईला लावलाय.

आणि मंत्रिमंडळ उपसमिती हे तिसरंच प्रकरण. ती सरकारची, विधिमंडळाची नव्हे. तिच्यात फक्त मंत्री असतात आणि तिचा अहवाल सभागृहाला बंधनकारक नसतो.

पणजीकर

गोव्यात प्रश्नच मिटला. ४० सदस्यांचं एकच सभागृह, त्यामुळे 'संयुक्त' शब्दाची गरज पडत नाही. इथल्या मराठी बातम्यांतही 'विधेयक चिकित्सा समितीकडे' हाच प्रयोग कानावर येतो.

खंडशः

आता 'पटल'. पटलावर ठेवणे म्हणजे कागद सभागृहाच्या दप्तरी अधिकृतपणे दाखल करणे : अधिसूचना, वार्षिक अहवाल, अध्यादेशाची प्रत वगैरे. त्यावर लगेच चर्चा व्हायलाच हवी असं नाही. विधेयक मात्र पुरःस्थापित होतं. पुरः म्हणजे समोर. सभागृहासमोर रीतसर ठेवणं. 'पुर:स्थापना'तला विसर्ग टंकताना गळतो आणि 'पुरस्थापना' उरते, जणू नगर वसवलं.

'मांडलं' हे बोलीत ठीक आहे, पण त्यात एक खाच आहे. विधेयक दोनदा 'मांडलं' जातं : एकदा पुरःस्थापनेच्या वेळी, आणि नंतर मंत्री 'विधेयक विचारात घ्यावे' असा प्रस्ताव मांडतात तेव्हा. बातमीत नुसतं 'मांडलं' असेल तर विधेयक कोणत्या पायरीवर आहे ते कळत नाही.

अमेरिकेतली बातमी असेल तर आणखी जपा. तिकडे 'टेबल करणं' म्हणजे विषय बाजूला सारणं. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये उलट, पुढे आणणं. एकाच शब्दाने विधेयक जिवंतही होतं आणि थंड्या बस्त्यातही जातं.

दौतटाक

म्हणजे पायरीनुसार शब्द बदलतो. मग त्या पायऱ्याच एकदा सलग लिहाल का? खाली कलम/खंड असाही घोळ आहे मसुद्यात.

खंडशः

लिहितो.

पहिलं वाचन म्हणजे पुरःस्थापना. इथे सहसा भाषणं होत नाहीत. छापील विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असतं, खर्च पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन (खर्चाचं टिपण), आणि नियम करायचा अधिकार सरकारला दिला असेल तर त्याचं वेगळं ज्ञापन. बातमीदार बहुधा उद्देश व कारणे वाचून बातमी करतात. तिथे सरकारने काय करायचं ठरवलंय ते असतं. मजकुरात प्रत्यक्ष काय लिहिलंय ते खंडांत. दोन्हींत फरक सापडतो तो तिथेच.

दुसऱ्या वाचनात फाटे फुटतात. विधेयक लगेच विचारात घ्यायचं, प्रवर समितीकडे द्यायचं, दुसऱ्या सभागृहाच्या सहमतीने संयुक्त समितीकडे द्यायचं, किंवा लोकमत आजमावण्यासाठी प्रसृत करायचं. (अवांतर : 'विधेयक प्रसूत करण्यात आले' छापून आलेलं पाहिलं आहे. एका स्वरचिन्हाची करामत.) समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव संमत झाला की विधेयकाचं मूळ तत्त्व सभागृहाने मानलं असं धरतात. समिती तपशील बदलू शकते, मूळ हेतू उलटा करू शकत नाही. म्हणून 'आमचा तत्त्वालाच विरोध आहे' हे म्हणायची जागा हा प्रस्ताव चर्चेला असतानाची. समितीत ते म्हणणं उशिराचं.

अहवाल आला की खंडशः विचार. एकेक खंड, त्यावरच्या सुधारणा, मग 'हा खंड विधेयकाचा भाग होवो'. शेवटी तिसरं वाचन, 'विधेयक संमत करावे'. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. आणि लगेच 'होयचे बहुमत' जाहीर होतं. हे आवाजी मतदान. कोणी हरकत घेतली तरच मतविभागणी, म्हणजे डोकी मोजणं. त्यामुळे 'आवाजी मतदानाने' आणि 'एकमताने' हे समानार्थी नव्हेत. विरोधी आवाज असूनही विधेयक आवाजी मतदानाने संमत होतं.

तुमचा घोळ : विधेयक असेपर्यंत खंड, अधिनियम झाला की कलम, संविधानात अनुच्छेद. समितीचा अहवाल भाषांतरित करताना 'कलम ५ मध्ये बदल' लिहिलंत तर वाचक मूळ कायद्याचं कलम ५ उघडून बसेल, आणि विधेयक सुधारणा-विधेयक असेल तर तो नक्की चुकेल. कारण तिथे विधेयकाचा खंड ३ मूळ कायद्याचं कलम २१ही बदलत असू शकतो.

चौकटमोडी

शब्दाने काय फरक पडतो याचा ताजा नमुना म्हणजे महाराष्ट्र विशेष जन सुरक्षा विधेयक. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पुरःस्थापित झालं, संमत झालं नाही. नोव्हेंबरात निवडणूक झाली, जुनी विधानसभा गेली, विधेयकही तिच्याबरोबर गेलं. यासाठी शब्द व्यपगत. 'रद्द झालं', 'फेटाळलं', 'मागे घेतलं' यांतलं एकही इथे लागू नाही. कोणी काही निर्णयच घेतला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ते नव्याने पुरःस्थापित झालं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या प्रमुखत्वाखाली संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये अहवाल आला आणि त्याच अधिवेशनात विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं.

बदल कुठे झाला ते बघा. विधेयकाच्या माथ्यावर जे लांबलचक हेतुवाक्य असतं, त्यात आधी व्यक्ती आणि संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांचा उल्लेख होता. समितीनंतर तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या 'किंवा तत्सम' संघटना आल्या. तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. मग सगळा वाद 'तत्सम' या तीन अक्षरांवर. एका बाजूचं म्हणणं, व्याप्ती आवळली. दुसऱ्या बाजूचं, 'तत्सम'मधून कोणीही आत ओढता येईल. ज्याने बातमीत 'तत्सम' गाळून फक्त 'डाव्या संघटना' लिहिलं, त्याने वादाचा मुद्दाच गाळला.

पणजीकर

तहकूब, स्थगित, संस्थगित? तिन्ही एकाच आठवड्याच्या बातम्यांत वाचले.

चौकटमोडी

बैठक तहकूब होते : दहा मिनिटांसाठी, दुपारपर्यंत, उद्यापर्यंत. अधिवेशन संस्थगित होतं, तेही राज्यपालांच्या आदेशाने. विधानसभा विसर्जित होते. 'स्थगित' हा मोघम शब्द आहे, टाळलेला बरा. विधेयकाच्या जिवाशी याचा थेट संबंध आहे. अनुच्छेद १९६ प्रमाणे अधिवेशन संस्थगित झाल्याने प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही. विधानसभा विसर्जित झाल्याने होतं. अपवाद एकच, विधानपरिषदेत प्रलंबित असलेलं आणि विधानसभेने अजून संमत न केलेलं विधेयक. ते टिकतं, कारण परिषद विसर्जित होत नाही.

दौतटाक

मसुद्यात 'समितीचे सभापती', 'कोरम' आणि 'असहमतीची नोंद' असेही प्रयोग आहेत.

खंडशः

सभापती हा मान विधानपरिषदेचा, अध्यक्ष विधानसभेचे. म्हणून विधिमंडळाच्या अहवालांत समितीचा मुख्य समिती प्रमुख असतो आणि खाली सदस्यांच्या नावापुढे वि.स.स. (विधानसभा सदस्य) किंवा वि.प.स. (विधानपरिषद सदस्य). बातमीत 'समितीचे अध्यक्ष' चालतं. 'सभापती' नको, नाहीतर वाचक परिषदेकडे बघतो. संसदेच्या समितीला मात्र 'अध्यक्ष' रुळलेला आहे.

कोरम म्हणजे गणपूर्ती, बैठक चालायला हजर हवी ती किमान सदस्यसंख्या. सभागृहाची किमान एक दशांश किंवा दहा, जी संख्या मोठी ती. २८८ च्या विधानसभेत २९, ७८ च्या परिषदेत १०. लोकसभेच्या नियमांनुसार समितीची गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे ३१ जणांच्या समितीत ११. 'कोरम फुल झाला' हे भाषण म्हणून गोड आहे, छापू नये.

असहमतीला मराठीत घडवलेला सुरेख शब्द आहे : भिन्नमतपत्रिका. समितीत निर्णय बहुमताने होतो. पटलं नाही त्या सदस्याने ही पत्रिका लेखी द्यायची, ती अहवालाला जोडून छापली जाते. बैठकीत तोंडी केलेला विरोध, सभात्याग, पत्रकार परिषद, यांतलं काहीही भिन्नमतपत्रिका नव्हे. समितीत गप्प राहून सभागृहात विरोध करणाऱ्याला 'तेव्हा भिन्नमतपत्रिका का दिली नाही?' हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर अवघड जातं.

पणजीकर

'सूचना' आणि 'सुधारणा'? समितीची जाहिरात येते तेव्हा लोक दोन्ही पाठवतात.

खंडशः

लोक पाठवतात ती सूचना. सुधारणा फक्त सदस्य देऊ शकतो. कायद्याच्या नावातही 'सुधारणा' असतं, बोलताना 'दुरुस्ती' म्हणतात. महापालिकेत ठरावाला 'उपसूचना' देतात, तो त्याचाच चुलतभाऊ.

सूचना वाया का जातात तेही सांगतो, कारण तोही भाषेचाच प्रश्न आहे. 'हा काळा कायदा मागे घ्या' अशी पत्रं गठ्ठ्याने येतात. समितीसमोरचा कागद खंडांच्या क्रमाने चालतो, त्यामुळे खंड क्रमांक नसलेलं पत्र 'सर्वसाधारण' या ढिगात जातं. उपयोगी पत्राचा नमुना : 'खंड ४, पोटखंड (२), तिसरी ओळ : "करता येईल" ऐवजी "करील" असे घालावे. कारण : पहिल्या रूपात अधिकाऱ्याला मोकळीक राहते, दुसऱ्यात ते कर्तव्य ठरते.' चार ओळी. मराठी विधेयकाचा सगळा जीव 'येईल' आणि 'करील' यांत असतो. 'आणि' व 'किंवा', 'विहित करण्यात येईल असा' (म्हणजे नंतर नियमांत ठरेल, आज नाही), 'विवक्षित' (म्हणजे काही ठरावीक; 'विशिष्ट'पेक्षा सैल) हेही शब्द पेन्सिलीने गोल करून वाचावेत.

चौकटमोडी

अनुमती राहिली. सभागृह विधेयक संमत करतं ('पारित' ही हिंदीची उसनवार). राज्यपाल अनुमती देतात, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. महिला व बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये पुरःस्थापित झालं, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख प्रमुख असलेल्या संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं आणि मग राष्ट्रपतींच्या अनुमतीपाशी अडलं. तेव्हा मथळे होते 'शक्ती कायदा मंजूर'. मंजूर विधेयक झालं होतं.

दौतटाक

सगळ्यांचे आभार. सुधारलेलं वाक्य : 'विधेयक विधानसभेत पुरःस्थापित करण्यात आले व दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे पाठवण्यात आले.' आता जाऊ दे?

खंडशः

परिषदेची सहमती त्याच दिवशी झाली आहे का बघा. विधानसभा एकटी फक्त प्रस्ताव संमत करते. परिषदेने सहमती देऊन आपले सदस्य दिल्याशिवाय समिती बनत नाही.

दौतटाक

सहमती दुसऱ्या दिवशीची आहे. मग 'पाठवण्याचा प्रस्ताव विधानसभेने संमत केला' असं करते.