मोशेने माणसं मोजली तर चालतं, दावीदाने मोजली तर महामारी?

रात्रवाचक: सध्या रोज झोपायच्या आधी बायबलचा जुना करार वाचतोय (ख्रिश्चन नाहीये, आपलं कुतूहल), पण ‘गणना’ पुस्तकाशी येऊन गाडी अडकली. पहिला अध्याय म्हणजे इस्राएलच्या वंशांची नुसती मतदार यादी हो. रऊबेन ४६,५००, शिमोन ५९,३००, यहूदा ७४,६००... वीस वर्षांवरचे लढाईला जाऊ शकणारे पुरुष, टोटल ६,०३,५५०. हे देवानेच त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, सांगितलेलं. आणि पुढे २ शमुवेल २४ मध्ये दावीद राजा तेच करतो तर ७०,००० लोक मरतात! काय लॉजिक आहे?

घिसाडी: त्याच्या आधीच्या निर्गम पुस्तकाचा ३०वा अध्याय वाचलात का? तिथे आधीच सांगून ठेवलंय की लोकांची मोजणी कराल तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाचा मोबदला म्हणून अर्धा शेकेल (चांदीचं वजन) द्यायचा, म्हणजे मरी येणार नाही. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. मला सगळ्यात भारी काय वाटलं तर त्या चांदीचं पुढे काय झालं ते. निर्गम ३८ मध्ये चक्क हिशोब दिलाय, १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. त्या १०० किक्कारांच्या पवित्रस्थानासाठी १०० उथळ्या ओतल्या, एकेक किक्काराची एक. किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, म्हणजे प्रत्येक उथळीत ६,००० माणसांचे अर्धे अर्धे शेकेल वितळलेले! आपल्या जुन्या वाड्यात खांबाखाली दगडाची उथळी असते ना, तसंच. देवाचा तंबू त्या शिरगणतीवर उभा होता. दावीदाच्या गोष्टीत ह्या पैशाचा उल्लेखच नाही. सेनापती यवाब ‘कशाला राजे’ म्हणून अडवतो तरी हा ऐकत नाही, ९ महिने २० दिवस माणसं फिरवतो आणि हातात काय तर तलवार चालवणाऱ्यांचा आकडा. माणसं देवाची, हा मोजतोय आपली म्हणून.

शंकासुर: घिसाडीभाऊ, उथळ्यांचं आवडलं, पण शमुवेलात पैसे दिले नाहीत म्हणून मरी आली असं कुठेही लिहिलेलं नाही, ते नंतरच्या भाष्यकारांनी जोडलेलं. उलट तिथे देवच दावीदाला मोजायला लावतो आणि १ इतिहास २१ मध्ये तीच गोष्ट सांगताना सैतान लावतो! म्हणजे लिहिणाऱ्यांनाही ते पचलं नव्हतं. आकडेही जुळत नाहीत, एकीकडे ८ लाख अधिक ५ लाख, दुसरीकडे ११ लाख आणि ४ लाख ७० हजार.

अलिबागकर: आमचं घर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, पण एक दोन तीन असं बोट करून मोजत नाहीत. स्तोत्र २८ मधलं एक वचन आहे, हिब्रूत बरोब्बर दहा शब्दांचं, ते म्हणत एकेकाकडे बघायचं, वचन संपलं की माणसं पुरी. आणि हो, गणना पुस्तकातल्या पहिल्या आज्ञेत हिब्रू शब्द ‘मोजा’ नाही, ‘डोकं वर उचला’ असा आहे. एकेकाचं नाव घेऊन.

रात्रवाचक: अरे वा! आमची आजी पण जेवताना कुणाच्या पोळ्या मोजू द्यायची नाही, दृष्ट लागते म्हणून 😀 मग २६व्या अध्यायात परत मोजणी का? त्याला कुठे मरी आली?

घिसाडी: ती मरीच्या नंतरचीच आहे, पहिलं वाक्य बघा. सुमारे ३८ वर्षांनी, मवाबच्या मैदानात, ६,०१,७३०. टोटल जवळपास तेवढीच पण माणसं सगळी वेगळी, पहिल्या यादीतले फक्त कालेब आणि यहोशवा उरले. शिमोनचं बघा, ५९,३०० चे २२,२०० झालेत. आता जमीन वाटायची होती, ती ह्याच यादीवरून. म्हणून तर लगेच पुढच्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली येऊन भांडतात, बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसायचं. आणि देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे.

रात्रवाचक: थांबा, हे आधी वाचतो. आज झोप नाही.