वर्गातील ‘व्यक्त होण्याचे’ उपक्रम: मागे वळून पाहताना

प्रश्न (सहावीची वर्गशिक्षिका, घणसोली)

जूनपासून दर शुक्रवारी शेवटच्या तासिकेला मी ‘माझे मत’ हा उपक्रम घेते. आठवडाभरात मनात राहिलेल्या एका गोष्टीविषयी मुलांनी दोन मिनिटे बोलावे, एवढीच अपेक्षा असते. दिवाळीच्या सुट्टीत टाचणवही चाळताना लक्षात आले, की ४६ मुलांपैकी तीच सात-आठ मुले पुन्हा पुन्हा बोलली आणि तीही परिपाठातल्या भाषणासारखी, पाठ केलेले. मधल्या सुट्टीत आगरी बोलीत अखंड गप्पा मारणारी एक मुलगी एकदाच उभी राहिली. तिच्या ‘मना’च्या जागी मी ‘मला’ असे सुचवले आणि ती जी खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. या उपक्रमात नेमके काय बदलावे?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक, ठाणे)

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आला आहे. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, परंतु मूल मन उघडे करत असताना ती शिकवू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. बोलीच्या बाबतीतही आपण तेवढेच अंतर चालून जायला हवे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २ (विज्ञान शिक्षिका, ऐरोली)

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यास उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. हे वाचून मी माझ्या तासाचे ध्वनिमुद्रण ऐकले, तर मी एक सेकंदही थांबत नव्हते. आता मुले आधी शेजाऱ्याशी बोलतात, मग ज्याला वाटेल तो वर्गाशी बोलतो.

विषयही त्यांच्या जगण्यातला हवा. रोहित पक्षी खाडीत केव्हा उतरतात, असे विचारल्यावर वर्षभर गप्प असलेल्या एका कोळी मुलाने ओहोटीला चिखल कसा उघडा पडतो आणि पक्षी तेथे कसे चरतात, हे फळ्यावर चित्र काढून सांगितले. त्याला दोन मिनिटे पुरली नाहीत आणि मीही त्याला थांबवले नाही.

उत्तर ३ (शालेय समुपदेशक, कोपरी)

एक सावधगिरी सुचवते. मनात राहिलेली गोष्ट सर्वांसमोर सांगण्याजोगी असेलच असे नाही. माझ्याकडे मुले ती कागदावर लिहितात आणि कोणीच वाचू नये असे वाटल्यास कागद दुमडून स्वतःकडे ठेवतात. मात्र दुमडलेला कागद मी कधीही उघडणार नाही, हे त्यांनी महिनोन्‌महिने पाहिल्यानंतरच न दुमडलेले कागद वाढले.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. शाळा उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी जोड्यांपासून सुरुवात करीन. त्याआधी त्या मुलीला एकटीला भेटून, त्या दिवशी मी तिला मध्येच अडवायला नको होते, हे सांगणार आहे.