दहावी-बारावीतली कॉपी : मर्टन पुरेसा आहे का?

पाटीपेन्सिल
फेब्रुवारी आला की भरारी पथकं, बैठी पथकं, कॉपीमुक्तीच्या शपथा. आणि तरीही पेपर सुटल्यावर खिडक्यांखाली चिठ्ठ्यांचा सडा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये मांडलेली चौकट इथे चपखल बसते असं माझं मत. समाज ध्येय सगळ्यांना एकच देतो, तिथवर जायच्या मान्य वाटा मात्र सगळ्यांना देत नाही. या ताणाला माणसं पाच प्रकारे तोंड देतात : ध्येय आणि वाट दोन्ही मानणारे अनुरूप, ध्येय हवं पण वाट आडवी धरणारे नवप्रवर्तक, ध्येय सोडून नुसता नियम पाळणारे कर्मकांडी, दोन्ही सोडणारे पलायनवादी, दोन्ही बदलू पाहणारे बंडखोर. कॉपी करणारा यातल्या दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे नवप्रवर्तक. गणिताच्या शिक्षकाचं पद रिक्त असलेल्या शाळेतल्या मुलालाही टक्के तेवढेच हवेत जेवढे शहरात क्लास लावणाऱ्याला. पथकं कसली वाढवताय, पदं भरा.

तिसरा बाक
ऐकायला छान, पण हिशेब जुळत नाही. दहावीच्या भाषा विषयात ८० लेखी, २० शाळेच्या हातातले, उत्तीर्णतेला एकूण ३५. शाळेने १८ दिले की लेखीत १७ पुरतात. इतक्या सैल दारातून जायला आडवाट कशाला? शिवाय पद रिक्त असलेल्या दोन शेजारच्या शाळांपैकी एकीत कॉपी चालते, दुसरीत नाही, याचं उत्तर मर्टनकडे नाही.

गुन्हेशास्त्रज्ञ सदरलंडकडे आहे. १९४७ च्या मांडणीत त्याने नऊ विधानं दिली. गाभा हा की नियमभंग जवळच्या माणसांत शिकला जातो, आणि तंत्राबरोबर त्याचं समर्थनही शिकलं जातं. गाइडची पानं प्रश्नवार फाडणं, झेरॉक्स लहान करून घेणं, कोणता पर्यवेक्षक दारात उभा राहून पाठ फिरवतो हे ओळखणं, हे सगळं आधीच्या बॅचकडून येतं. मॅकेब आणि ट्रेव्हिनो या संशोधकांनी १९९३ मध्ये ३१ अमेरिकी महाविद्यालयांच्या पाहणीतून दाखवलं की कॉपीशी सर्वांत घट्ट नातं सोबत्यांच्या वागण्याचं असतं.

उपरा परीक्षक
दोघेही बाकावरच्या मुलाकडेच बघताय. जरा परीक्षा केंद्राकडे बघा. सामूहिक कॉपीत कोणीतरी प्रश्नपत्रिकेचा फोटो बाहेर पाठवतं, कोणीतरी उत्तरं काढतं, कोणीतरी झेरॉक्स मारतं, कोणीतरी आत पोहोचवतं आणि पर्यवेक्षक बघत नाही. ही साखळी सोळा वर्षांचं पोर चालवत नाही.

शाळेला काय मिळतं? निकालावर पुढच्या वर्षीची पटसंख्या, पटसंख्येवर संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणारी सरकारी मान्यता), संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. पट घसरला की माणूस अतिरिक्त. म्हणजे मर्टनचा नवप्रवर्तक इथे आहेच, फक्त तो स्टाफरूममध्ये बसलाय. शहरात क्लास आणि गावातल्या कॉलेजात नुसतं नाव, हा धंदा त्याच मुळाचा.

म्हणून शपथेपेक्षा साखळी तोडणारे उपाय कामाचे. पेपर दहा मिनिटं आधी देण्याची सवलत मंडळाने २०२३ मध्ये काढली आणि तीच दहा मिनिटं शेवटी जोडली, कारण नेमक्या त्या फटीत प्रश्नपत्रिका व्हॉट्सअॅपवर जायची.

सायकलस्वार
गुन्हेशास्त्रज्ञ हिर्शी राहिलाच. १९६९ चं त्याचं म्हणणं : लोक नियम का मोडतात हा प्रश्नच उलटा आहे, का पाळतात ते विचारा. जिव्हाळा, गुंतवणूक, सहभाग, नियमांवरची श्रद्धा हे समाजाशी बांधणारे चार धागे घट्ट असले की माणूस पाळतो. घराशी नातं घट्ट करा, कॉपी कमी होईल.

तिसरा बाक
सायकलस्वार, २०१५ चा बिहारच्या वैशाली जिल्ह्यातला फोटो आठवा. शाळेच्या भिंतीवर चढून खिडकीतून कागद देणारे नातेवाईकच होते. जिव्हाळा भरपूर होता, म्हणून तर तीन मजले चढले! धागा कोणाशी बांधलाय हे सांगितल्याशिवाय हिर्शी अर्धवट. आणि तेच सदरलंड सांगतो.

कोरी पुरवणी
शपथेचा विषय निघालाच आहे तर साइक्स आणि मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांचं १९५७ चं लिखाण वाचा. त्यांचा मुद्दा असा की नियम मोडणारा बहुधा नियम मानतो. मोडण्याआधी तो तेवढ्यापुरता बाजूला सारतो, पाच सबबींनी. "सरांनी शिकवलंच नाही." "कुणाचं काय गेलं?" "या बोर्डाला असंच पाहिजे." "पथकवाले कुठले धुतल्या तांदळाचे?" "मित्राला नाही कसं म्हणणार?" कॉपी वाईट हे ज्याला आधीच मान्य आहे त्याच्याकडून तेच पुन्हा वदवून काय मिळवायचं? सबब खोडा. मागचा हुशार मुलगा या कॉपीमुळे अकरावीच्या यादीत खाली जातो, हे नावाशिवाय पण आकड्यासकट दाखवा. "कुणाचं काय गेलं" तिथेच अडतं.

पाटीपेन्सिल
नवप्रवर्तक स्टाफरूममध्ये, हे पटलं. उलट त्याने माझाच मुद्दा बळकट होतो : पदं निकालाच्या दोरीला टांगलेली असतील तर केंद्र आडवाट धरणारच. संचमान्यता पटसंख्येपासून सोडवा.

उपरा परीक्षक
सोडवाल तेव्हा सोडवाल. तोवर परक्या शाळेतले पर्यवेक्षक आणा, ज्यांच्या पदाला त्या निकालाचं सोयरसुतक नाही. फक्त अदलाबदल जोडीत करू नका. अ शाळेचे ब कडे आणि ब चे अ कडे गेले की पहिल्याच पेपराला समझोता होतो : तुम्ही आमची सांभाळा, आम्ही तुमची. निदान चार शाळांचं चक्र हवं, आणि पर्यवेक्षकांची यादी आदल्या दिवशी जाहीर व्हावी.