मदत हवी आहे: डिझेल गाडीचा आवाज सहन होत नाही

मंडळी, गेल्या वर्षी २ लिटर डिझेलची महागडी सेडान सेकंडहँड घेतली. गाडी मनापासून आवडते, पण सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरतं, कपहोल्डरमधली टोलची नाणी वाजतात. मागे बसलेल्या आईचं डोकं दुखतं, याचं फार वाईट वाटतं.

डिझेल दाबाने पेटतं, त्यामुळे थोडी टकटक असणारच, थंड इंजिनला जास्तच. पण हायवेला ८० च्या वेगात सगळं शांत, आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) एसी लावला की थरथर वाढते. म्हणून मला इंजिन माउंटिंगचा, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचा, संशय आहे. मेकॅनिक मात्र चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदला म्हणतो. आधी इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (कोणता इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो याची तपासणी) करून घ्यावी का? आणि बॉनेटखाली, दारांत डॅम्पिंग शीट (आवाज-थरथर कमी करणारे चिकट थर) लावून कोणाला खरंच फरक पडलाय का? अनुभव असेल तर कृपया सांगा.