मदत हवी आहे: एचआयव्ही असलेल्या लेकरांसाठी पैसे जमवायला चालायचंय, पण कुणाचं नाव फुटू न देता

झेरॉक्सवाला_बीड

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप आहे, बारा-चौदा टाळकी, त्यात दोन रिटायर मास्तर, एक मेडिकलवाला, एक आडत्या आणि बाकी माझ्यासारखे शुगर निघाल्यावर शहाणे झालेले. एका मास्तरांची पोरगी अमेरिकेत असते, तिनं तिकडं एड्स वॉकमधे भाग घेतला आणि फोटो पाठवले. तिच्याकडनं कळालं की तिकडं ही पद्धत जुनी आहे, पहिला असा वॉक १९८५ ला लॉस एंजेलिसला झाला आणि त्यात ६ लाख ७३ हजार डॉलर जमले. चालणारा माणूस आधी ओळखीपाळखीच्या लोकांकडं जातो, म्हणतो मी एवढे किलोमीटर चालणार आहे, तुम्ही माझ्या नावावर किती टाकता. मास्तर म्हणाले, आपण रोज फुकटच चालतो की राव.

तिथून सुरुवात. पाच किलोमीटर, मार्केट यार्डापासून फाट्यापर्यंत, असं ठरलंय. आता अडचण सांगतो.

मागच्या वर्षी १ डिसेंबरच्या, म्हणजे एड्स दिनाच्या फेरीत आमचा ग्रुप सामील झाला होता. चार लेकरं होती, आईबाप गेलेले, आजी-मामाकडं राहणारी. बॅनर धरायला त्यांना पुढं घ्या असं आम्हीच म्हणालो, फोटो चांगला येतो म्हणून. फोटो खरंच चांगला आला, दुसऱ्या दिवशी छापूनसुद्धा आला आणि खाली ओळ काय तर एचआयव्हीग्रस्त बालकांसह मान्यवर. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यातल्या एकाच्या आजीला शाळेतून निरोप आला की काही दिवस पोराला घरीच ठेवा. आजी माझ्या दुकानात आली, भांडली नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्याला कुठला फॉर्म लागतो तेवढंच विचारलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. शाळेची चूक आहेच, पण पोराला पुढं उभं कुणी केलं?

तरी हे सोडायचं नाही असं का वाटतं ते पण सांगतो. निराधारचा फॉर्म भरायला एक बाई आली होती. दवाखान्याचं सर्टिफिकेट मागितलं तर म्हणाली, दादा तुम्ही सरा, मीच ठेवते काचेवर. झाकण उचललं, कागद पालथा ठेवला, कॉपी निघाली तशी घडी घालून पिशवीत टाकली आणि गडबडीत ओरिजिनल काचेवरच विसरून गेली. पुढच्या गिऱ्हाइकानं झाकण उचलायच्या आत मी तो कागद काढला आणि स्टँडपर्यंत पळत गेलो. तिथं बोलता बोलता कळालं की तिला या आजारासाठी एसटीत सवलत मिळते, पण ती कार्ड काढतच नाही, बायांचं अर्धं तिकीट काढते. का तर कार्ड बघून कंडक्टर मोठ्यानं विचारतो, हे कशाचं हो?

तर मला विचारायचंय ते हे, की ही माणसं सोबत असावीत पण ओळखू येऊ नयेत असा वॉक कसा करायचा, बॅनरवर एचआयव्ही लिहायचं का नाही (ग्रुपमधे यावरून दोन पार्ट्या पडल्यात), आणि जमलेले पैसे कुठं कसे ठेवायचे. मी दुकानाच्या खात्याचा क्यूआर कोड छापून लॅमिनेट करून ठेवलाय. १ डिसेंबरलाच करावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

पाटीलकी_गेली

चालून एड्स जातो का? आणि औषधं तर सरकार २००४ पासून फुकट देतंय, मग पैसे कशाला पायजेत?

झेरॉक्सवाला_बीड

@पाटीलकी_गेली गोळ्या फुकट आहेत, बरोबर. पण गोळ्या आणायला अंबाजोगाईच्या स्वाराती दवाखान्याला जायचं म्हणजे खुरपणीचा एक दिवस बुडतो, आणि सोबत लेकरू असलं तर त्याचं तिकीट, खाणं. त्या बाईनंच हिशेब सांगितला, महिन्याला एक रोज गेला म्हणजे घरातला किराणा कमी येतो. बाकी वह्या, कपडे, अंडी, दूध. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणे.

हिशेबनीस

भाऊ तो लॅमिनेट केलेला कोड आधी फाडा. दुकानाच्या खात्यात लोकांच्या देणग्या म्हणजे उद्या तुम्हालाच प्रश्न, आणि गावात कुणीतरी म्हणणारच की झेरॉक्सवाल्यानं नवीन मशीन घेतली बघा.

दोन रस्ते आहेत. तुमच्या ग्रुपची नोंदणी नसंल तर गणेश मंडळं घेतात तशी वर्गणी गोळा करायची ४१क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून काढा, पावतीपुस्तक नंबर टाकून छापा, शेवटी हिशेब द्या. नाहीतर सरळ नोंदणी असलेल्या संस्थेशी बोला आणि लोकांना पैसे थेट संस्थेच्या खात्यातच टाकायला लावा, तुमच्या हातात रुपया येऊच देऊ नका. मी असतो तर दुसरं केलं असतं. तुमच्याच भागात बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आहे, लातूरकडं हासेगावला सेवालय आहे, दोन्हीकडं अशी लेकरं राहतात, शिकतात. आधी फोन करून विचारा की कशाची गरज आहे, कारण आपल्याकडची लोकं बिस्किटाचे पुडे घेऊन जातात आणि तिथं पायजे असतात गाद्या.

आडत्याला इन्कम टॅक्समधे सूट मिळणारी ८०जी ची पावती लागंल, तो विचारणारच. संस्थेकडं ८०जी आहे का बघा, आणि त्याला सांगा २००० च्या वर कॅश दिली तर सूट मिळत नाही, चेक नाहीतर ऑनलाईन. नव्या टॅक्स पद्धतीत असंल तर तशीही मिळत नाही, पण हे त्याला देणगी आल्यावर सांगा :)

रस्त्यावरून जाणार म्हणजे पोलीस स्टेशनला अर्ज, स्पीकर लावणार असाल तर त्याचा वेगळा. स्पीकर नका लावू माझं ऐका.

माजी_समुपदेशक

मी सरकारी दवाखान्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, काही वर्षं काम केलंय, उस्मानाबादला, म्हणजे आताचं धाराशिव. म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, डापकूकडं (जिल्ह्याचं एड्स नियंत्रणाचं ऑफिस) किंवा गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवर जाऊन आम्हाला पेशंटची यादी द्या असं चुकूनही म्हणू नका. चांगल्या मनाची माणसंच हे जास्त करतात, ब्लँकेट वाटायचेत, यादी द्या. देता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचं स्टेटस दुसऱ्याला सांगता येत नाही. शाळेनं पोराला घरी बसवणं हा याच कायद्यानं भेदभाव ठरतो, तुमच्या त्या आजीला दाखल्याचा फॉर्म नका देऊ, तिला १०९७ वर फोन लावून द्या, फुकट लागतो, पुढं कुठं तक्रार करायची ते सांगतील. मदत पोचवायची असंल तर समुपदेशकाला सांगून ठेवा की अशी अशी सोय आहे, ज्याला गरज आहे तो त्यांच्यामार्फत घेईल, तो कोण हे तुम्हाला कळायची गरजच नाही. आणि बाल संगोपन योजनेचे महिन्याला २२५० मिळतात, त्या चार लेकरांचे फॉर्म भरलेत का? तुमचं दुकानच त्याचं आहे.

दुसरी गोष्ट तारीख. १ डिसेंबरला तुमच्या बीड जिल्ह्यात असतं कोण? ज्यांच्यासाठी चालायचं त्यातले निम्मे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. मुकादमाची उचल घेतलेली, दवाखान्याला जातो म्हणायची सोय नाही, गोळ्या संपल्या की संपल्या. माझ्याकडं एक जोडपं मार्चमधे परत यायचं आणि दरवर्षी दोघांचंही वजन उतरलेलं. कारखान्यावर जायच्या आधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घेता येतात, किंवा तिकडच्या सेंटरला ट्रान्स्फर घेता येते, पण हे त्यांना सांगणार कोण आणि कधी? टोळ्या निघायच्या आधी. तुमचा वॉक दसऱ्याच्या आधी घ्या आणि शेवटी फाट्यावर नुसती भाषणं न ठेवता ही माहिती द्या, सगळ्यांनाच द्या, शुगर-बीपी तपासणीसोबत. म्हणजे कुणी का थांबलं हे कुणाला कळत नाही.

पोस्टरवर काय लिहायचं तर एवढं लिहा, की रोज गोळ्या घेऊन रक्तातला व्हायरस तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवून तर कधीच लागत नव्हता. अजून आमच्याकडं शिकलेल्या लोकांना हे माहीत नाही.

पायी_पंढरपूर

वर चांगलंच लिहिलंय. मी फक्त चालण्यातलं सांगते, १९ वाऱ्या झाल्यात. दिंडीत कुणी विचारतं का तू कामून आलास? नाही विचारत. तशी मोकळीक पायजे. म्हणून मान्यवर पुढं, विद्यार्थी मधी, "लाभार्थी" शेवटी असल्या रांगाच करू नका. लेकरांनी बॅनर धरायचाच नाही, कुणाच्याच लेकरांनी नाही. फोटो काढायचे तर पाठीमागून, पाय आणि रस्ता दिसंल असे. पत्रकाराला आधीच सांगा आणि ओळ तुम्हीच लिहून द्या.

पाण्याचा टेंपो मागं ठेवा, पुढं नको, पुढं असला की धूळ खावी लागते.

आडनाव_नको

मला चौदा वर्षं झाली. मालक त्याच्यातच गेले. मी शिवणकाम करते, हे खातं भाच्यानी काढून दिलंय आन तोच टाईप करलालाय, मी सांगलाले.

तुमची मागच्या वर्षीची फेरी म्हणा का दुसऱ्या कुठल्या गावची, सगळ्या सारख्याच असतात. मी रस्त्याच्या कडंला ब्लाऊजला काज करत बसले होते. पोरं घोषणा द्यायली, हसायली. एकाच्या हातात कवटीचं चित्र आन खाली लिहिलेलं एड्स म्हणजे मरण. मी चौदा वर्षं झाली रोज गोळी खाऊन लोकांचे कपडे शिवते, दोन पोरींची लग्नं केली. त्या कवटीकडं बघून मला माझंच हसू आलं आन मग रडू पण.

तर एचआयव्ही लिहायचं का नाही विचारलाव ना, लिहा. नाही लिहिलं तर ते काहीतरी घाण आहे म्हणूनच लपवलं असं होतंय. शुगर लिहिता, कॅन्सर लिहिता, मग हे बी लिहा. फक्त माझ्याकडं बोट करू नका. आन राक्षस, विळखा, कलंक असले शब्द तेवढे काढा. "ग्रस्त" पण नको वाटतंय, मी काय दुष्काळ आहे का.

अजून एक, शेवटी जेवण ठेवणार असाल तर पंगत एकच ठेवा. पाकीट हातात देऊन घरी खा म्हणू नका.

पाटीलकी_गेली

ताई, वर मी जे लिहिलं ते तोंडाला आलं तसं लिहिलं. माझ्याकडं छोटा हत्ती आहे, केजपासून कुठंही येतो, पाण्याचं माझ्याकडं. भाडं नको, डिझेलचं बघू.

झेरॉक्सवाला_बीड

सगळ्यांचे आभार, चार दिवस उत्तर द्यायला जमलं नाही, पीक विम्याची गर्दी होती दुकानात.

तर काय काय केलं ते सांगतो. क्यूआर कोड फाडला (लॅमिनेशन फाटता फाटत नाही, कात्रीनं कापला). संस्थेला फोन झाला, त्यांचं खातं आणि पावती, आमच्या हातात पैसे नाहीत. आडत्या किलोमीटरला ५०० म्हणाला होता, ८०जी चं ऐकून हजारावर आला, नव्या पद्धतीचं मी अजून बोललो नाही. तारीख बदलली, पोळा झाल्यावर आणि दसऱ्याच्या आधीचा एक रविवार, पाऊस आला तर छत्र्या. यावरून एक मास्तर रुसलेत, त्यांचं भाषण १ डिसेंबरसाठी लिहून तयार होतं, त्यांना म्हणालो तेव्हा दुसरीकडं द्या.

बॅनरवर एचआयव्ही लिहायचं ठरलं. आडनाव_नको ताईंचं पोस्ट मी ग्रुपमधे मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यानंतर कुणी बोललंच नाही.

आजीकडं जाऊन आलो. १०९७ ला फोन लावून दिला, बाल संगोपनचा फॉर्म पण भरला, झेरॉक्स मीच काढल्या, दुकानाचं शटर अर्धं ओढून. पोरगं अजून घरीच आहे. शाळेकडं मास्तर आणि मी सोमवारी जाणार आहोत, कायद्याची प्रिंट घेऊन, काय होतं ते इथं सांगीन.

ती निराधारच्या फॉर्मवाली बाई परत आली होती, तिला वॉकचं सांगितलं, नुसतंच, गिऱ्हाइकाला सांगतो तसं. म्हणाली तो आडत्या येणार आहे का, मी त्याच्याच रानात खुरपायला जाते. म्हटलं येणार आहे, त्याच्या घरची माणसं पण येणार आहेत. मग म्हणाली, मग मी बी येते, गर्दीत कोण बघतंय. आम्ही सगळ्यांना पांढऱ्या टोप्या देणार होतो तर तिनं तेही मोडीत काढलं, बायांना टोपी कशाला, पदर असतो की, लाल रिबन द्या, पिनेनं लावू.

आता शेवटचा प्रश्न, दोनशे माणसं धरली आणि एकाला वीतभर रिबन, तर किती मीटर आणावी? दुकानदार अख्ख्या रिळाचा भाव सांगतोय, मला मीटरचा हिशेब पायजे.

आडनाव_नको

वीत म्हणजे नऊ इंच धरा. दोनशेला सेहेचाळीस मीटर होती. पन्नास आणा, घडी घालून पिन टोचताना टोकं वाया जातात. आन कापायला माझ्याकडं पाठवा, तुमच्या कात्रीनं धागे निघतील.